भुंग्या म्हणतो

एका राज्यात कुणालाच काही दुखत नसे. म्हणजे दुखत असे, पण सांगता येत नसे. पाय मोडला तरी माणूस म्हणे, "क्षेम." तापाने डोळे लाल झाले तरी म्हणे, "क्षेम." शेवटचा श्वास टाकतानाही माणूस "क्षे" म्हणे, आणि "म" तेवढा राहून जाई.

हे कुणामुळे झाले? सध्याच्या राजाच्या आजोबांमुळे. आजोबा भारी तापट होते. सकाळी दरबार भरला की कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचे पोट, असे रडगाणे सुरू होई. एके दिवशी त्यांनी मुकुट जमिनीवर आपटला आणि धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाला बोलावले. म्हणाले, "मला शांतता हवी."

"किती?" मांत्रिकाने विचारले.

"सगळी."

मांत्रिकाने तांब्याची एक पेटी आणली, साऱ्या प्रजेचे कण्हणे तीत कोंडले आणि पेटी खांद्यावर टाकून तो तांबड्या डोंगरावर निघून गेला. तेव्हापासून त्या राज्यात कुणालाही स्वतःचे दुखणे तोंडाने सांगता येईना की बोटाने दाखवता येईना. मग आजोबांनी रीत घालून दिली. रोज सूर्य उगवला की दवंडीवाल्याने दारोदार जायचे, डफावर एक थाप मारून "क्षेम?" असे विचारायचे, आणि घरातल्या धाकट्याने आतून ओरडायचे, "सर्व क्षेम!" धाकट्यानेच, कारण थोरांना कामे असतात.

एक गोष्ट मात्र मांत्रिकाच्या ध्यानात आली नाही. जनावरांचे कण्हणे त्याने घेतले नाही, आणि जनावरांचे नाकही घेतले नाही. त्यामुळे त्या राज्यातली मांजरे भलत्याच माणसाच्या पोटावर जाऊन बसत आणि हाकलली तरी परत येत. बैल चांगल्या धडधाकट दिसणाऱ्या धन्याला जू ठेवू देत नसत. लोक म्हणत, माजलीत. आणि काठी घेत.

त्या राज्यात बिरू नावाचा एक पोरगा होता. शाळेत तो दोन पावसाळे गेला आणि तिसऱ्याला पंतोजींची छडी मोडून पळून आला. डोके तापट आणि पाय त्याहून तापट. त्याला एक थोरला भाऊ होता, हैबती. हैबती राजाच्या पागेत घोड्यांना चाल शिकवी. बिरूला जे काही येत होते ते हैबतीने शिकवले होते, आणि जे येत नव्हते त्यावर हैबतीने पांघरूण घातले होते. घरात एक आई होती आणि एक कुत्रा होता. कुत्रा काळाभोर, सारखा कुणाच्या तरी भोवती घुमणारा, म्हणून त्याचे नाव भुंग्या.

एके दिवशी भुंग्याने हैबतीच्या डाव्या काखेत नाक खुपसले. हाकलला, परत आला. निजला तर छातीला चिकटून निजला. हैबती पागेकडे निघाला की भुंग्या त्याची वहाण तोंडात धरून पळे. असे आठ दिवस चालले. हैबती हसे आणि म्हणे, "याला माझ्या घामाची चटक लागली."

नवव्या दिवशी सकाळी दारात डफ वाजला. "क्षेम?"

बिरू चुलीपुढे भाकरी खात होता. भुंग्या त्याचे धोतर दातात धरून त्याला माजघराकडे ओढत होता. ओढता ओढता धोतर फाटले. बिरूने त्याला लाथ घातली आणि मागे वळूनही न बघता ओरडला, "सर्व क्षेम!"

त्यानंतर हैबती विहिरीवर गेला. पोहरा वर ओढला, काठावर ठेवला, शेजारी बसला आणि उठला नाही.

तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी सकाळी आई अंगण सारवत होती. भुंग्या हळूहळू तिच्याजवळ गेला आणि त्याने तिच्या उजव्या कुशीत, बरगडीखाली, नाक खुपसले.

बिरूच्या हातातले लोटके खाली पडले.

"आई, तुला काय होतंय?"

"क्षेम."

"आई, खरं सांग."

"अरे, सांगतेय ना, क्षेम! उठ इथनं. सारवलेल्यावर पाय देऊ नकोस."

बिरूने भुंग्याला ओढून बाजूला केले. भुंग्या परत गेला. पुन्हा ओढले, पुन्हा गेला. बिरूने त्याची दोन्ही कानशिले धरली आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडला, "मग सांग की! काय होतंय तिला? दादाच्या वेळी कळलं होतं ना तुला? मग बोलला का नाहीस? वहाण कसली पळवतोस गाढवा! बोलायचं होतंस!"

भुंग्याने त्याचे नाक चाटले. बिरूला एवढा राग आला, एवढा राग आला, की तो उठून भिंतीवरच एक लाथ मारून आला. पायाला लागले. आईने विचारले, "लागलं का रे?" बिरू म्हणाला, "क्षेम."

मग त्याने आईला हाताला धरून राजवैद्यांकडे नेले. राजवैद्य अंबरशास्त्री पाटावर बसले होते. बसले होते म्हणजे एका बाजूला कलले होते, जणू पाटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर कुणी अदृश्य पाहुणा बसला आहे.

"बाई, काय होतंय?"

"क्षेम."

"उत्तम. पुढचा."

"पुढचा काय!" बिरू म्हणाला. "शास्त्रीबुवा, हिच्या उजव्या कुशीत काहीतरी आहे. नीट बघा."

"रोग्याने आपल्या तोंडाने सांगावे, बोटाने दाखवावे, मग आम्ही मात्रा द्यावी. शास्त्र आहे."

"तिला सांगता येत नाही! इथं कुणाला सांगता येतंय? शंभर वर्षांत एक तरी रोगी काही बोललाय का तुमच्यापुढं?"

"एकही नाही," शास्त्री अभिमानाने म्हणाले. "एवढं निरोगी राज्य पृथ्वीवर दुसरं नाही."

"कुत्रा सांगतोय!"

"कुत्र्याला काही होतंय?"

"कुत्र्याला नाही हो! कुत्रा हिचं सांगतोय!"

"मग कुत्र्याने मात्रा द्यावी," शास्त्री म्हणाले, दुसऱ्या अंगाला कलले आणि त्यांचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला. भुंग्या त्यांच्या पाटामागे गेला आणि वास घेऊ लागला. शास्त्र्यांनी त्याला पंख्याच्या दांड्याने हाणले.

बिरू बाहेर येऊन पायरीवर बसला. आई म्हणाली, "झालं समाधान? आता घरी चल, चूल विझेल." त्याला चुलीचाही राग आला.

समोरच्या भिंतीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "कुत्र्याला बोलता येत नाही. मला येतं. काय हवंय?"

बिरूला नवल वाटले नाही. त्या राज्यात साळुंक्या बोलत, फक्त सहसा कामाचे बोलत नसत. तो म्हणाला, "तुला बोलता येतं, पण माझ्या आईला काय होतंय ते ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग काय उपयोग तुझा?"

"तांबड्या डोंगराची वाट ठाऊक आहे. धूम्रकेशाच्या पडवीत माझं घरटं आहे. ती पेटी रात्रंदिवस कण्हते. पोरांना झोप नाही. तीन विणी झाल्या, एकाही पिलाला धड उडता आलं नाही, सगळी पेंगत पेंगत पडतात. तू पेटी उघड. तुझी आई बोलेल, माझी पोरं झोपतील."

"किती दिवसांची वाट?"

"चार. मधे तीन ठिकाणी अडशील."

बिरूने बोटे मोजली. दादाला नऊ दिवस मिळाले होते. आज पहिला होता. जायला चार, यायला चार. एक दिवस अडायला. त्याने दुसऱ्यांदा मोजले नाही. मोजले असते तर गेला नसता. आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "जा बाबा. तुझी कटकट तरी चार दिवस थांबेल." पण फडके बांधताना तिचा उजवा हात अर्ध्यावर थांबला, आणि गाठ तिने डाव्या हाताने मारली. बिरूने ते पाहिले. असले काही त्याने याआधी कधी पाहिले नव्हते.

भुंग्याला तो घरीच ठेवणार होता. भुंग्याने आईकडे पाहिले, बिरूकडे पाहिले, मग बिरूच्या मागोमाग निघाला. बिरूने धोंडा उचलला. "तिच्यापाशी थांब! तिला सोडून माझ्या मागं कशाला मरतोस?" भुंग्या धोंड्याच्या टप्प्याबाहेर बसला. बिरू निघाला, की तोही निघाला. शेवटी बिरूचा हात दुखून आला, पण ते त्याला सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी नदी लागली. ही नदी खालून वर वाहत होती, दरीतून निघून डोंगराकडे चढत होती. काठावर तीन नावा होत्या आणि तीन नावाडी. पहिला दांडगा, दुसरा लठ्ठ, तिसरा काटक म्हातारा. तिघेही हसत म्हणाले, "क्षेम! चला, बसा."

वाट दाखवायला बरोबर आलेली साळुंकी म्हणाली, "यातला एक आज मधल्या धारेत पडेल. त्याची नाव उलटेल. बघून बस."

"कोण?"

"मला काय ठाऊक? मी फक्त बोलते."

भुंग्या पहिल्या नावाड्याजवळून गेला, थांबला नाही. दुसऱ्याजवळून गेला, थांबला नाही. तिसऱ्याच्या पायाशी गेला आणि तिथेच बसला. म्हाताऱ्याच्या पोटरीला त्याने नाक लावले आणि शेपटी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला.

"बरं झालं," बिरू म्हणाला, "म्हातारा आवडला याला. माणूस चांगला असणार." आणि तो म्हाताऱ्याच्याच नावेत जाऊन बसला.

साळुंकीने डोळे मिटून घेतले.

मधल्या धारेत म्हाताऱ्याच्या हातातले वल्हे गळाले, त्याने "क्षे" म्हटले आणि तो नावेच्या तळाशी आडवा झाला. नाव गरगर फिरली. बिरूने वल्हे धरले, आयुष्यात पहिल्यांदा धरले, उलटे धरले. वर चढणाऱ्या पाण्याने त्याला दोनदा तोंडात मारले. भुंग्या म्हाताऱ्याच्या छातीवर चारी पाय रोवून त्याचे तोंड चाटत होता आणि मधून मधून बिरूकडे बघून भुंकत होता. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत बिरूच्या तळहातांची साल गेली. म्हाताऱ्याला तोंडावर पाणी मारून, पाय उंच धरून, बऱ्याच वेळाने त्याने शुद्धीवर आणले.

म्हातारा उठून बसला. म्हणाला, "क्षेम."

"गप्प बसा!" बिरू ओरडला. मग तो भुंग्याकडे वळला. "आणि तू! धोका होता तर त्याच्यापासून लांब पळायचं होतंस! जाऊन बसलास कशाला?"

"कारण त्याला बरं नव्हतं," साळुंकी म्हणाली. "तो सुखाला चिकटतो असं तुला कुणी सांगितलं? माणसाच्या घामाचा वास बदलतो. पाऊल वेगळं पडतं. श्वास मधेच अडखळतो. तुला ऊन दिसतं तसं त्याला ते दिसतं. आणि जिथं दिसतं तिथं तो जाऊन बसतो. दुसरं त्याला काही करता येत नाही."

बिरूला दादाची डावी काख आठवली. तो तरातरा चालू लागला, आणि साळुंकीला फडफडत मागे यावे लागले.

चौथ्या दिवशी खिंड लागली. खिंडीत एक राक्षस बसला होता. त्याचे गुडघे दोन्ही बाजूंच्या कड्यांना टेकले होते आणि पेटीची किल्ली त्याच्या कानात डुलासारखी लटकत होती. बिरूला पाहताच तो गरजला. "कोण तू? गिळतो!"

"चावत नाहीस का?" बिरूने विचारले. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते.

"चावत नाही! गिळतो! आणि मी क्षेम आहे!"

"मी कुठं विचारलं?"

राक्षस राज्याचाच होता. खिंडीपासून हातभर अलीकडे त्याचा जन्म झाला होता, म्हणून शाप त्यालाही लागू होता. तो हात पुढे करून बिरूला पकडणार, तेवढ्यात भुंग्या त्याच्या दंडावरून धावत वर गेला, खांद्यावर पोचला आणि त्याच्या डाव्या गालाला नाक लावून उभा राहिला. राक्षसाने मान झटकली. भुंग्या हलला नाही. राक्षसाचा तो गाल दुसऱ्यापेक्षा मोठा होता, मडक्याएवढा.

बिरूने कपाळावर हात मारून घेतला. "आता याचीही चौकशी! अरे, तो आपल्याला गिळतोय आणि तू त्याचा गाल बघतोस!" पण म्हणता म्हणता तो थांबला. मग त्याने वर पाहून विचारले, "राक्षसबुवा, तोंड उघडता का जरा?"

"गिळायला?"

"बघायला."

तोंड उघडले. आत मागच्या बाजूला एक दाढ होती, उंबऱ्याएवढी, काळीठिक्कर. वास असा आला की साळुंकी दोन हात मागे सरकली. बिरूने शिदोरीच्या शिंकाळ्याची दोरी दाढेला बांधली, दुसरे टोक एका धोंड्याला बांधले आणि धोंडा कड्यावरून ढकलला. आठ कोस डोंगर दणाणला.

राक्षस बराच वेळ गाल धरून बसला. मग त्याचे डोळे भरून आले. "पन्नास वर्षं," तो म्हणाला. "पन्नास वर्षं येणारे-जाणारे मला विचारत होते, वाट देतोस का, किल्ली देतोस का. गालाकडं कुणी बघितलं नाही." त्याने किल्ली काढून दिली. भुंग्याला त्याने एका बोटाने कुरवाळले, आणि भुंग्या त्या एका बोटाखाली पुरा झाकला गेला.

डोंगराच्या माथ्यावर धूम्रकेशाची पडवी होती. मांत्रिक पायरीवर बसला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, दाढी गुडघ्यापर्यंत, कानांत कापूस. पडवीच्या मधोमध तांब्याची पेटी, आणि तिच्यातून तीन पिढ्यांचे कण्हणे येत होते, वाऱ्यासारखे, न थांबता.

बिरू म्हणाला, "पेटी उघडायला आलोय."

"काय?" मांत्रिकाने कानातला कापूस काढला.

"पेटी! उघडायला! आलोय!"

"ओरडू नकोस. माझे डोके—" मांत्रिक थांबला आणि म्हणाला, "क्षेम." मग हताश होऊन त्याने कापूस भिरकावून दिला. "पाहिलेस? मलाही शाप बाधला. शांतता मागितली त्या म्हाताऱ्या राजाने, आणि निजलो नाही तो मी! उघड. किल्ली लाव. पण किल्लीने अर्धीच उघडते. या जागी जे कुणी आहे, त्यात सर्वांत जास्त कोणाला दुखते ते तू सांगायचे. बरोबर सांगितलेस तर झाकण उघडेल. चुकलास तर पेटी तुझे कण्हणे कायमचे ठेवून घेईल, आणि मग कुत्राही तुला ओळखणार नाही."

बिरूने किल्ली फिरवली. आत काहीतरी खडखडले आणि थांबले.

त्याने आजूबाजूला पाहिले. मांत्रिक होता. साळुंकी होती, आणि घरट्यात तिची पेंगणारी पिल्ले होती. खिंडीतून मान वर काढून राक्षस बघत होता. बिरूला हे सोपे वाटले. आता तो शहाणा झाला होता. त्याने चुटकी वाजवली. "भुंग्या, जा. दाखव."

भुंग्या मांत्रिकाजवळ गेला, वास घेतला, पुढे गेला. घरट्याखाली गेला, वर पाहिले, पुढे गेला. कड्यावरून वाकून त्याने राक्षसाच्या गालाचा वास घेतला आणि शेपटी हलवली. मग तो वळला, हळूहळू चालत बिरूकडे आला, त्याच्या दोन्ही पायांवर आडवा झाला आणि डोके वर करून त्याच्याकडे बघत राहिला.

"मी नाही," बिरू म्हणाला. "बघ नीट. जा."

भुंग्या हलला नाही.

"अरे, मी नाही म्हणतोय ना! मला काय झालंय? मी चार दिवस चाललोय, नाव वल्हवलीय, दाढ उपटलीय! मला काही होत नाही! उठ!" त्याने पाय ओढून घेतला आणि दोन पावले बाजूला झाला. भुंग्या उठला, दोन पावले बाजूला आला आणि पुन्हा त्याच्या पायांवर निजला. "तुझं नाक बिघडलंय! गाढवा, नालायका, इथं माझी आई मरतेय आणि तुला चेष्टा सुचतेय! मी क्षेम आहे! ऐकलंस? क्षेम! क्षेम! क्षेम!"

तो एवढा मोठ्याने ओरडला की पेटीतले कण्हणे क्षणभर थांबले.

त्या शांततेत साळुंकी म्हणाली, "तुझ्या मागं तो का आला? आईपाशी का थांबला नाही?"

बिरूने तोंड उघडले, आणि तोंडातून "क्ष" निघायला लागला. त्याने दात आवळले. पुन्हा उघडले, पुन्हा "क्ष". त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले. स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, हा शाप होता. जीभ त्या शब्दापाशी गेली की वळत होती, पुन्हा पुन्हा वळत होती, हट्टी बैलासारखी. त्याला संताप आला. शापाचा, जिभेचा, राजाच्या आजोबांचा, मांत्रिकाचा, साऱ्यांचा.

मग तो खाली बसला. भुंग्याचे डोके त्याने मांडीवर घेतले. भुंग्याने आपले नाक त्याच्या छातीच्या मधोमध टेकवले आणि तसेच ठेवले. बिरूने त्या नाकाकडे पाहिले. आणि त्याला कळले, की दुसऱ्याचे बोलणे सांगायला कुणाची बंदी नाही.

"भुंग्या म्हणतो," तो म्हणाला, आणि जीभ वळली नाही. "भुंग्या म्हणतो, बिरूला दुखतंय. इथं. भुंग्या म्हणतो, बिरूचा दादा गेला. भुंग्यानं आठ दिवस सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. नवव्या दिवशी दवंडीवाला आला, आणि भुंग्या बिरूला ओढून ओढून सांगत होता की आत बघ, एकदा आत बघ. आणि बिरू... भुंग्या म्हणतो, बिरूनं न बघता ओरडून सांगितलं, सर्व क्षेम. त्याला दुसऱ्याचं सांगता येत होतं. दादाला बरं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते त्यानं म्हटलं नाही. ते त्याला दुखतं. भुंग्या खोटं बोलत नाही."

तांब्याची पेटी उघडली.

तिच्यातून जे निघाले ते दिसले नाही, पण वाऱ्यासारखे सगळीकडे गेले आणि ज्याचे त्याला मिळाले. बिरूचे सर्वांत आधी आले. "दादा!" तो ओरडला, आणि मग त्याला काही सांगावे लागले नाही. तो रडत राहिला, आणि भुंग्या नाक न काढता तसाच बसून राहिला, रडणे संपेपर्यंत. मांत्रिक "आई गं, माझं डोकं" एवढे म्हणाला, पायरीवर आडवा झाला आणि घोरू लागला. घरट्यातली पिल्ले त्याच्याही आधी झोपली होती.

खाली राज्यात त्या क्षणी एकच कल्लोळ उडाला. राजा सिंहासनावरून उठून म्हणाला, "हा जोडा मला तीन वर्षं चावतोय!" आणि दरबारात भिरकावला. सेनापती म्हणाला, "माझी कंबर!" राजवैद्य अंबरशास्त्री पाटावरून एकदम उभे राहिले आणि त्यांनी आपले दुखणे कुठे आहे ते सर्वांसमक्ष बोट ठेवून सांगितले. शास्त्र होते ते.

परतीच्या वाटेवर राक्षसाने दोघांना खांद्यावर घेतले आणि नदीच्या अलीकडे आणून सोडले. म्हणून दिवस पुरले. नवव्या दिवशी सकाळी बिरू घरी पोचला तेव्हा आई उंबऱ्यावर बसली होती, उजवी कूस धरून.

"कुठं होतास?" ती म्हणाली. "इथं दुखतंय रे. बरगडीखाली. तीन महिने झाले. सकाळी जास्त, खाल्लं की आणखी जास्त. तुझ्यापाशी किती वेळा सांगायला आले, तोंडातनं भलतंच निघायचं. आणि तू मेल्या नुसता ओरडायचास!"

"आता सांग," बिरू म्हणाला. "सगळं सांग." आणि तिला पाठीवर घेऊन तो धावत सुटला.

राजवैद्यांच्या दारी एवढी रांग होती की ती वेशीबाहेर गेली होती. शास्त्री उभ्यानेच रोगी बघत होते. बिरूला पाहताच त्यांनी भुंग्याला आत घेतले, त्याने कुठे नाक ठेवले ते पाहिले, आईने कुठे बोट ठेवले ते पाहिले, आणि दोन्ही जागा एकच निघाल्यावर मात्रा उगाळायला बसले. बसले म्हणजे वाकले. वीस दिवस कडू काढा, मध आणि पेज चालली. आईने प्रत्येक दिवशी प्रत्येक घोटाला तक्रार केली आणि बिरूने प्रत्येक तक्रार ऐकली. एकविसाव्या दिवशी सकाळी भुंग्याने तिच्या कुशीचा वास घेतला, शिंकला, आणि उन्हात जाऊन निजला. त्यावरून सर्वांना कळले.

राजाने रीत मोडली नाही, पण बदलली. दवंडीवाल्याने दारात थाप मारायची आणि बसायचे. घाई करायची नाही. धाकट्याने आधी घरात फिरायचे, माणसांचे तोंड बघायचे, मांजर कुठे बसले आहे, कुत्रा कुणाच्या पायाशी आहे, बैल कुणाकडे वळून बघतो आहे ते बघायचे, आणि मग बोलायचे. जनावरांवर काठी उचलायची तर आधी तीनदा विचार करायचा, असा हुकूम निघाला. त्यामुळे दवंडीवाल्याला एक गल्ली पुरी करायला दुपार होई, आणि तो त्याबद्दल रोज कुरकुर करी, कारण आता त्यालाही कुरकुर करता येत होती.

एके दिवशी तो बिरूच्या दारी आला. डफावर थाप मारली आणि पायरीवर बसकण मारली. "क्षेम?"

बिरू घरात गेला. आई भाकरी थापत होती, दोन्ही हातांनी. कोपऱ्यात हैबतीच्या वहाणा होत्या, एकीवर दाताच्या खुणा. भुंग्या चुलीपाशी नव्हता, आईपाशी नव्हता. बिरू दारात परत आला तेव्हा भुंग्या त्याच्या मागोमाग आला आणि त्याच्या पायांवर निजला.

बिरूने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "आईचं क्षेम. भुंग्याचं क्षेम. माझं अजून नाही."

दवंडीवाल्याने मान डोलावली. "बरं," तो म्हणाला. "उद्या परत विचारतो."

आणि डफ काखेत घालून तो पुढच्या दारी गेला, आणि ही गोष्टही त्याच्या मागोमाग पुढच्या दारी गेली.